बेळगावच्या टिळकवाडीतला लेडीज ड्रायव्हिंग क्लास: ज्यांना गाडीची भीती वाटते त्यांनी नक्की वाचा

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. स्टीयरिंग धरलं की ज्यांचे हात थरथरतात, मागून हॉर्न वाजला की ज्यांना पुढचं काही सुचत नाही, लायसन पर्समध्ये असून ज्या रिक्षानं फिरतात, त्यांच्यासाठी हा क्लास एक नंबर आहे. ज्यांना भीती वगैरे काही नाही आणि पटकन शिकून लायसन काढायचंय त्यांनी दुसरीकडं गेलं तरी चालतंय, कारण इथं वेळ जास्त लागतो आणि फीपण थोडी जास्त आहे. क्लासचं नाव लिहीत नाही. मॅडम एकट्याच शिकवतात, एका वेळी मोजक्याच बायका घेतात, नाव टाकू काय म्हणून विचारलं तर नको म्हणाल्या. पण मी जे लिहिणार आहे त्यावरून खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही क्लास लावायचा असला तरी नेमकं काय बघायचं ते तुम्हाला कळेल, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर अनगोळात. मिस्टर कामाला गोव्यात, शनिवार-रविवार येतात, गाडी घरीच असते. सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून आठवड्यातनं दोन-तीनदा दवाखाना आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी फोन करून विचारायचं, भावोजी येताय काय, रिक्षा मिळते काय. लायसन माझ्याकडं होतं. ते आधीच्या एका क्लासमधून काढलेलं, त्याचं नाव घेत नाही. तिथं शिकवणारे स्वभावाला चांगले होते, पण सगळा वेळ त्यांचा एक हात माझ्या स्टीयरिंगवर आणि पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर. क्लासच्या गाडीत डाव्या सीटलापण क्लच आणि ब्रेक असतो हे सगळ्यांना माहीत आहेच. मी क्लच सोडायला उशीर केला की ते दाबायचे, समोर म्हैस आली की ब्रेक तेच मारायचे, काँग्रेस रोडवरून आम्ही कितीदा गेलो-आलो पण गाडी कुणी चालवली म्हणून विचारलं तर खरं उत्तर त्यांनी. आरटीओची टेस्टपण पास झाले. आणि घरची गाडी काढायला बसले तर डाव्या बाजूला कुणी नाही, ब्रेक एकच, तो पण माझ्याच पायाखाली. पहिल्या गियरमध्ये टाकलं, पाय असा थरथरायला लागला की गाडी गेटच्या बाहेरच गेली नाही.

हे माझ्या एकटीचं नाही हे नंतर कळलं. आमच्या गल्लीत लायसन असून गाडी न चालवणाऱ्या इतक्या बायका निघाल्या की मला आश्चर्य वाटलं. विचारलं की प्रत्येकीचं उत्तर तेच, येतंय गे पण कॉन्फिडन्स नाही.

आता या क्लासचं. पहिल्या दिवशी मॅडमनी गाडीला हातच लावू दिला नाही. एक साधी वही दिली आणि म्हणाल्या, वैनी, बेळगावात गाडी घेऊन कुठं जायची भीती वाटती ते लिहा, आणि प्रत्येकापुढं शून्य ते दहा आकडा घाला. मी लिहिलं: आमची गल्ली, दोन. व्हॅक्सिन डेपोच्या बाजूचा सकाळचा रस्ता, तीन. आरपीडी कॉर्नर, सहा. दुसरं रेल्वे गेट, आठ. कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये थांबून परत निघायचं, दहा. ऊसाचा डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर समोरून, दहा. त्यांनी वही बघितली आणि म्हणाल्या, उद्या तीनपासून सुरू करूया, दहा शेवटी बघू, पण बघायचं नक्की. म्हणजे भीती कमी कर, घाबरू नको असलं काही सांगितलं नाही. उलट भीती किती आहे ते लिहून घेतलं आणि त्याप्रमाणं रस्ता ठरवला. मला हे इतकं बरं वाटलं म्हणून सांगते, कारण तोपर्यंत जो तो मला म्हणायचा, अगं त्यात काय आहे, आमची पोरं चालवतात. त्यात काय आहे म्हटल्यानं कुणाची भीती जात नाही, फक्त बोलायची सोय जाते.

वहीतली दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. गाडी काढायच्या आधी एका ओळीत लिहायचं, आज काय वाईट होणार असं वाटतंय. परत आल्यावर त्याच्याखाली लिहायचं, खरं काय झालं. मी एकदा लिहिलं होतं, रेल्वे गेट उघडल्यावर माझी गाडी बंद पडणार, मागचे सगळे हॉर्न मारणार, कुणीतरी उतरून भांडायला येणार, मला रडू येणार. खरं काय झालं तर गाडी बंद पडली. मागून दोन-तीन हॉर्न वाजले. एक रिक्षावाला बाजूनं गेला, एक सायकलवाले काका थांबून बघून गेले, मी परत चालू केली आणि निघाले. भांडायला कुणी आलं नाही. रडू आलं नाही. हे वाचायला साधं वाटेल, पण अशी वही भरत गेली की डोक्यात जो पिक्चर चालतो आणि रस्त्यावर जे होतं त्यात किती फरक आहे ते आपल्याच अक्षरात समोर दिसतं, त्याला कुणी खोटं म्हणू शकत नाही.

आणि गाडी बंद पडली तेव्हा मी इतकी शांत का राहिले तर त्याचं कारण मॅडमची एक पद्धत, जी मी दुसऱ्या कुठल्याच क्लासमध्ये ऐकली नाही. निवांत रस्त्यावर, मागंपुढं कुणी नाही बघून, चारी इंडिकेटर लावून, त्या मुद्दाम गाडी बंद पाडायला लावतात. क्लच एकदम सोड. धक्का बसला, बंद पडली. आता ब्रेक दाब, क्लच दाब, न्यूट्रल, चावी, पहिला गियर, आरसा बघ, निघ. परत बंद पाड. परत चालू कर. इतक्या वेळा की शेवटी पायाला आणि हाताला ते आपोआप यायला लागलं. बहुतेक क्लास गाडी बंद पडू नये म्हणून शिकवतात, आणि पडली की विद्यार्थ्याला वाटतं आपलं चुकलं, संपलं. इथं बंद पडल्यावर काय करायचं ते आधी शिकवतात. मला वाटतं भित्र्या माणसाला याच्याइतका आधार दुसऱ्या कशानं मिळत नाही, कारण आपली भीती गाडी चालवायची नसते, काहीतरी बिघडलं तर मला निस्तरता येणार नाही याची असते.

माझी भाची धारवाडला सायकॉलॉजी शिकते. तिला ही वही दाखवली तर ती म्हणाली, मावशी हे तर आमच्या अभ्यासात आहे. अल्बर्ट बांडुरा म्हणून अमेरिकेत स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत मोठे मानसशास्त्रज्ञ होते, २०२१ मध्ये वारले, त्यांनी १९७७ मध्ये सांगितलं की मला हे जमेल ही खात्री माणसाला चार ठिकाणाहून मिळते. एक, स्वतः करून बघितल्यावर. दोन, आपल्यासारख्याच कुणाला तरी करताना बघून. तीन, कुणी विश्वासानं सांगितल्यावर. चार, आपलं शरीर त्या वेळी कसं वागतंय आणि आपण त्याचा काय अर्थ लावतो त्यावरून. यातलं पहिलं सगळ्यात जोरदार. त्यांनी सापांची खूप भीती असणाऱ्या लोकांवर प्रयोग केले होते, कुणी साप हाताळताना नुसतं बघणाऱ्यांपेक्षा मदत घेऊन स्वतः हात लावणाऱ्यांची खात्री जास्त वाढली. आणि भाची पुढं म्हणाली ते महत्त्वाचं, मदत देऊन झाली की ती हळूहळू काढून घ्यायची, नाहीतर माणूस सगळं श्रेय मदतीलाच देतो.

हे ऐकून मला पहिल्या क्लासमध्ये काय राहून गेलं ते एकदम कळलं. डावीकडचा ब्रेक वाईट नाही, तो पाहिजेच, शिकणाऱ्याच्या आणि रस्त्यावरच्या लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण तो पाय कधी उचलायचा हे ठरवलेलं पाहिजे. या मॅडमचं ते ठरलेलं आहे. आधी त्यांचा पाय पेडलवर. मग पेडलच्या वर, टेकलेला नाही. मग एक दिवस त्यांनी दोन्ही पाय सीटखाली मागं ओढले आणि म्हणाल्या, बघा वैनी, माझे पाय कुठं आहेत ते, आता गोगटे सर्कलवरून तुम्ही नेणार. त्या दिवशी छाती धडधडत होती, पण गाडी मी नेली आणि मीच नेली हे मला माहीत होतं. पुढं माझ्याच गाडीत, जिथं दुसरा ब्रेक नाही, तिथं त्या शेजारी बसल्या. मग मागच्या सीटवर. मग गाडीच्या बाहेर, कॉर्नरला उभ्या राहून, एक चक्कर मारून या म्हणाल्या. मग फक्त फोन जवळ, तो पण पोचल्यावर करायचा.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, हे शेजारची सीट रिकामी ठेवायचं काम पक्कं लायसन असणाऱ्यांसाठीच. लर्निंग लायसनवर शेजारी लायसनवाला शिकवणारा पाहिजेच आणि गाडीवर एलची पाटी पाहिजे, मॅडम यात अजिबात सूट देत नाहीत. लर्निंग निघाल्यावर पक्क्या लायसनच्या टेस्टला किमान ३० दिवस थांबावं लागतं आणि लर्निंग सहा महिने चालतं, म्हणजे घाई करायचं काही कारण नाही, तेवढ्या वेळात वहीतले बरेच आकडे खाली आणता येतात.

दुसऱ्याला बघून खात्री येते ते पण इथं आपोआप होतं. गाडीत एका वेळी दोघी, एक चालवते, एक मागं बसून बघते. माझ्याबरोबर खानापूर तालुक्यातल्या एक प्राथमिक शाळेच्या टीचर होत्या, शाळेच्या गावाला बस एकच, ती चुकली की दिवस गेला, म्हणून शिकायला आलेल्या. त्यांचा घामानं स्टीयरिंगवरचा हात सटकायचा, रुमाल घेऊन बसायच्या. त्यांनी उद्यमबागकडं जाताना ट्रकच्या रांगेत गाडी धरून ठेवली, पुढं पिरनवाडीपर्यंत नेली, ते मी मागं बसून बघितलं. एखादा पटाईत माणूस चालवताना बघून मला कधी काही वाटलं नव्हतं. पण माझ्याइतक्याच घाबरणाऱ्या बाईनं ते केलं ते बघून मला वाटलं, हो की, मग मीपण करते. उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, पाय अजून थरथरायलाय बघा, पण आले की नाही?

शरीराचं सांगते. घाबरलं की छाती धडधडणं, तळवे ओले होणं, तोंड कोरडं पडणं, हे अ‍ॅड्रेनलिनमुळं होतं, शरीर आपल्याला पळायला नाहीतर सामना करायला तयार करत असतं. त्याचा अर्थ आपल्याला गाडी येत नाही असा नाही. मॅडमची सांगायची पद्धत साधी, धडधडतंय तर धडधडू दे, तुझं काम आरसा बघायचं. श्वास चार मोजत घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा, सोडताना लांब, त्यानं ठोके हळू होतात. पण त्या एक गोष्ट ठामपणे सांगतात की भीती पूर्ण जाईपर्यंत श्वास घेत बसायचं नाही, दोन-चार श्वास आणि निघायचं, भीती बरोबर घेऊन निघायचं. आणि भीती अगदी वर असताना गाडी सोडून उतरायचं नाही. बाजूला घ्यायची, इंडिकेटर लावायचा, बसून राहायचं, थोड्या वेळानं ती आपोआप खाली येते, मग पुढं जायचं. भीतीच्या टोकावर असताना उतरलं की मेंदू शिकतो की उतरल्यामुळं वाचलो, आणि पुढच्या वेळी तिथं आणखी घाबरवतो. मला हे पटलं कारण आमच्या घरासमोर मी नेमकं हेच होताना अनुभवलं होतं, जितक्या वेळा गाडी न काढता आत आले तितकी ती गाडी मला मोठी दिसायला लागली.

कपिलेश्वर पुलाचा चढ, जो माझा दहा होता, त्याचं खास सांगायलाच पाहिजे, कारण बेळगावात गाडी चालवायची तर तो चुकत नाही. शहापूरकडं जायचं असलं की तो पूल, आणि संध्याकाळी बाजार सुटल्यावर चढावर रांग. मॅडमनी आधी सकाळी रिकाम्या वेळी तिथं नेलं. हँडब्रेक ओढायचा, पहिला गियर, क्लच हळू सोडत यायचं, एका जागी इंजिनचा आवाज बदलतो आणि बॉनेट जरासं वर उचलल्यासारखं होतं, तिथं पाय धरून ठेवायचा, थोडा रेस द्यायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. गाडी इंचभरपण मागं येत नाही. ती जागा एकदा पायाला सापडली की चढाचं भय अर्ध्यावर येतं, आणि हे भय कुणाच्या समजावण्यानं नाही तर त्या तंत्रानं गेलं हे मी मुद्दाम लिहिते. आत्मविश्वास म्हणजे छाती पुढं काढून चालणं असं मोबाईलवर जे व्हिडिओ सांगतात ना, मनात आणलं की सगळं जमतं, आरशासमोर उभं राहून मी कुणाला घाबरत नाही म्हणा, ते बघून मी जास्त खचायची. मनात आणूनपण माझा पाय थरथरायचा, म्हणजे दोष माझ्या मनाचा असं वाटायचं. तसं नाही. आधी खात्री आणि मग काम असं माझ्या बाबतीत कधी झालं नाही. आधी भीतभीत काम, मग ते हाताखाली आलं, मग खात्री.

संध्याकाळी त्याच पुलावर मी मॅडमशिवाय गेले तेव्हा पुढं वायव्य सारिगेची, म्हणजे कर्नाटकच्या सरकारी एसटीची, लाल बस, मागं एक टेम्पो अगदी चिकटून, चढावर थांबले आणि निघाले. सासूबाई मागच्या सीटवर होत्या, त्यांना काही कळलंपण नाही. आता दवाखान्याला आम्ही दोघीच जातो.

कमी काय आहे ते पण लिहायला पाहिजे. रात्रीचं ड्रायव्हिंग त्या शिकवत नाहीत, अंधार पडला की क्लास बंद, आणि समोरून अप्पर लाईट मारत येणाऱ्या गाड्यांची भीती मला अजून आहे, त्याची वेगळी वही मी आता स्वतःच सुरू केली आहे. शहापूर-वडगावच्या अरुंद गल्लीत समोरासमोर गाडी आली की रिव्हर्स कसा घ्यायचा ते शिकवतात, पण पार्किंगला फार वेळ देत नाहीत, ते मी मिस्टरांबरोबर व्हॅक्सिन डेपोकडं दोन विटा ठेवून शिकले. क्लासची गाडी जुनी आहे, क्लच कडक आहे, आपली नवी गाडी असेल तर पायाला परत सवय करावी लागते. सकाळच्या बॅचला जागा मिळायला थांबावं लागतं. फोन उचलत नाहीत, मेसेज करा, संध्याकाळी उत्तर येतं. शिकवताना मराठी आणि कन्नड दोन्ही मिसळून बोलतात, हेदरब्याडरी (घाबरू नका) वैनी, होतंय की, असं, ज्यांना जी भाषा पाहिजे ती मिळते.

आणि एक महत्त्वाचं. हा क्लास म्हणजे उपचार नाही, मॅडम स्वतः हे सांगतात. ज्यांचा पूर्वी मोठा अपघात झालाय आणि तो डोळ्यांसमोरून जात नाही, ज्यांना बसल्या जागी अचानक दम कोंडल्यासारखं होतं, झोप उडाली आहे, गाडीच काय घराबाहेर पडायचीपण भीती वाटते, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. आणि नुसतं बोलायचं असलं तरी केंद्र सरकारची टेलिमानस म्हणून फोन सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठी आणि कन्नड दोन्हीत बोलता येतं. तिथं फोन करणं म्हणजे कमकुवत असणं नव्हे. बरोबरच्या टीचर आधी तिथं बोलल्या होत्या, आणि क्लास लावायचं धाडस त्यानंतर झालं असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. त्यांना विचारूनच हे लिहिलं आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी. तुम्ही दुसऱ्या कुठल्या क्लासला जाणार असाल तर फी आणि किती दिवस हे विचाराच, पण त्याच्याबरोबर तोंडावर विचारा की तुमचा पाय ब्रेकवरून कधी उचलणार, आणि माझ्या स्वतःच्या गाडीत माझ्याबरोबर किती वेळा बसणार. उत्तर देताना जो टाळाटाळ करेल तिथं पैसे भरू नका. या मॅडमकडंच यायचं असेल तर गणपती झाले की लगेच नाव घाला, म्हणजे ऊसाचा हंगाम सुरू होऊन ट्रॅक्टर रस्त्यावर यायच्या आत तुमचे खालचे आकडे होऊन जातील आणि ट्रॅक्टर आल्यावर ते मॅडम शेजारी असताना बघता येतील.